शहाण्णव चौरस फूट

पाच तारखेला पहाटे फोन एकदाच थरथरतो.
आठ हजार नऊशे सत्त्याण्णव.
चष्मा न लावताच वाचते,
आकडा पाठ आहे, मुलीच्या जन्मतारखेसारखा.

मग वही.
तूरडाळ अर्धा किलो.
ज्वारी पंधरा, मालदांडी नाही, दुसरी.
शेंगदाणे: चटणी घरीच कुटायची, तेल सुटेपर्यंत.
अंबादासची तंबाखू,
हा आकडा तोच लिहितो, बारीक अक्षरात.
सिलिंडर बेचाळीस दिवस पुरला,
त्याला लाल टिंब, बक्षीस म्हणून.
जानेवारीच्या पानावर: पाळणा, सत्तर.
गड्ड्याला गेलो तेव्हा तिकीट एकच काढलं,
श्रावणी वर किंचाळत होती
आणि आम्ही दोघं खाली तिच्या चपला धरून.
कुठल्या खात्यात लिहू कळेना.
प्रवासात लिहिलं.

अम्मा विड्या वळायची.
हजार भरल्या की कारखान्यात मोजून द्यायची
आणि मोजणारा मूठ-मूठ बाजूला काढायचा,
छाट.
त्याचे पैसे नाहीत, पानंही गेली.
लहानपणी वाटायचं, छाट म्हणजे अम्माची चूक.
बँकेचा पहिला उतारा हातात आला तेव्हा बघितलं,
साडेसात हजार बाजूला,
मुद्दलात चौदाशे सत्त्याण्णव.
कुणाची चूक नव्हती.
छाट होती.

परवा शहाण्णवावा हप्ता गेला.
रात्री जेवणं झाल्यावर अंबादासचा टेप घेतला,
ज्यानं तो दिवसभर टॉवेल मोजतो.
घर चारशे साठ फूट.
फिटलेलं मुद्दल शेकडा एकवीस.
(अम्माच्या पाटल्या मोडून भरले ते धरले नाहीत.
ते घर तिचं, वेगळं.)
हिशोब दोनदा केला,
दोन्ही वेळा शहाण्णव.

आठ बाय दहाचं स्वयंपाकघर, अख्खं आमचं.
उरले सोळा:
दारातून पुढं दोनफुटी फरशा चार.
तिथं खडूनं रेघ ओढली.

अंबादास हसला आधी. मग बघत उभा राहिला.
"म्हणजे फ्रीज आपला?"
"आपला. टीव्ही बँकेच्या हद्दीत."
"आणि संडास?"
"नंबर लागायचाय."
श्रावणी रेघेवरून उड्या मारत राहिली,
आपल्यात, बँकेत, आपल्यात, बँकेत,
मग थांबून विचारलं,
बातम्यांत दर वाढला म्हणतात
तेव्हा रेघ मागं सरकते का गं?
मी म्हटलं, झोप आता.

शेजारची गोदावरी म्हणते, एवढं काय मोजायचं,
नवी भिशी लाव, गॅलरीला ग्रिल बसव,
माणूस चार दिवस जगतो.
जगतो की.
आमच्याकडं नळ चार दिवसांनीच येतो,
पाचव्या दिवशी, रात्री अडीचला,
आधी नुसती हवा घोगऱ्या आवाजात,
मग करंगळीएवढी धार.

काल तसाच आला.
पिंप, घागरी, कुकर, पाण्याच्या बाटल्या,
भरता येईल ते सगळं भरलं.
ओल्या पायांनी बाहेर आले तर
श्रावणी चार फरशांवर झोपलेली.
उकडतंय म्हणून अंथरूण मुद्दाम तिथं ओढलेलं,
आपल्या बाजूला.
डोकं फ्रीजपाशी, पाय रेघेच्या पलीकडं,
टाचेला खडू लागलेला.

अंथरूण पाहून पाय पसरावेत,
हे मी तिला किती वेळा ऐकवलंय.
पण तेरावं लागलंय. पाय वाढतायत.
कारखान्यातली डागी चादर काढली,
एका कडेला विणीत धागा चुकलेला,
बाकी लांबरुंद, जड, अस्सल सोलापुरी,
आणि टाचांपर्यंत ओढली.

पायानं तिनं ती लगेच झिडकारली.
एवढ्या उकाड्यात कोण घेतं चादर.

मी घडी घालून ठेवली.
सकाळी झाडताना रेघ अर्धी पुसली,
कुठवर होती ते आता लक्षात आहे.
झाडू मी चारशे साठ फुटांवर मारते.