पाचशे किलोमीटरला अर्धा लिटर

इंजिन मीच बांधलं होतं, हे आधी सांगून टाकतो.
ब्लॉक अंबडहून बोर करून आणला, पिस्टन नवे, रिंगा नव्या,
आणि पावतीच्या तळाशी माझ्याच अक्षरात:
‘सहा महिने बघायचं काम नाही.’

दीड महिन्यात क्षेमकल्याणी परत आले.
मारुती आठशे, पांढरी,
काचेला नाशिकरोडच्या प्रेसचा जुना पास अजून चिकटलेला,
हातात वही.
आवाज चढवला नाही. वही पुढे केली.
तारीख, किलोमीटर, तेल किती घातलं.
पाचशेला अर्धा लिटर. पुन्हा पाचशे. पुन्हा अर्धा.
शिवी दिली असती तर बरं झालं असतं,
शिवीला उत्तर असतं.

गाडीखाली पुठ्ठा अंथरला, रात्रभर.
सकाळी पुठ्ठा कोरडा.
म्हणजे गळत नाही. पितंय.

नोमान म्हणाला, रिंगा.
सगळे रिंगाच म्हणतात. वडाळा नाक्यावर
नुसता चहा प्यायला थांबलेलासुद्धा रिंगाच म्हणतो.
प्लग काढले. दोन कोरडे, विटकरी.
मधला काळा, ओला, हाताला तुळतुळीत.
गेज लावला, तिन्ही सिलिंडर जवळजवळ सारखे.
मधल्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा फिरवलं,
काटा जेमतेम हलला.
रिंगा निर्दोष.
मला आनंद व्हायला हवा होता.

मग धूर. धूर कधी निघतो ते आधी बघायचं,
किती निघतो ते नंतर.
त्यांना गाडीत बसवलं, मी मागे स्कूटरवर,
इगतपुरी सोडून थेट कसारा घाटात.
उतारावर त्यांनी पाय काढून गाडी गिअरवर सोडली.
एक वळण, दुसरं वळण,
आणि खाली पुन्हा पाय दिला तसा
निळा लोट, सरळ माझ्या तोंडावर.
येताना चढाला, इंजिन धापा टाकत ओढत असताना,
काही नाही. स्वच्छ.

म्हणजे वरून येतंय. हेडमधून.
वॉल्व्हच्या दांडीवरून थेंब थेंब उतरतंय आत.

झाकण काढलं, स्प्रिंगा सोडवल्या.
सील मोजले. एक, दोन, तीन, चार, पाच.
मधल्या सिलिंडरचा इनटेक वॉल्व्ह उघडाच.
फाटलं नव्हतं. निसटलं नव्हतं.
बसवलंच नव्हतं.
नोमानने माझ्याकडे बघितलं नाही,
हात धुवायला गेला. हात स्वच्छ होते त्याचे.

त्या दुपारी लाइट गेली होती.
मोबाइलच्या उजेडात सील बसवत होतो
आणि त्याच मोबाइलवर मुलीचा फोन:
‘बाबा, पास. फर्स्ट क्लास.’
मग उजेड कानाशी गेला, आणि मी रस्त्यावर.
अर्धा किलो पेढे, अख्ख्या गल्लीत.
परत आलो तेव्हा लाइट आली होती
आणि मला वाटलं, सहा झाले.

पेढ्यांचा तो खोका आता वॉशर ठेवायला आहे.
रोज हात घालतो त्यात.
तळाशी, तुपाच्या डागावर,
करंगळीच्या नखाएवढं हिरवं रबर.

सांगितलं त्यांना.
‘कंपनीचा माल खराब निघाला’ म्हटलं असतं तरी चाललं असतं,
हेही सांगितलं.
ते बराच वेळ रबर बोटांत फिरवत राहिले.
म्हणाले, आमच्याकडे संध्याकाळी एक कागद कमी भरला
की फाटक उघडायचं नाही. कुणालाच.
माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी मी रात्री साडेदहाला सुटलो.
‘सापडला?’
‘एकाच्या चपलेला चिकटला होता.
आणि वाघचौरे, तोच सगळ्यात जास्त शोधत होता.’

मग वही उघडली, पेन झटकलं,
तेलाच्या पुढे एक नवा रकाना आखला,
वर लिहिलं ‘कारण’,
आणि मान न उचलता विचारलं:
मुलगी कशात पास झाली?