इतिवृत्तात न आलेलं

बैठक सायंकाळी सहा वाजून चार मिनिटांनी सुरू झाली.
गणपूर्ती होती. सात विश्वस्त, सातही हजर.
एवढं मी लिहिलं.

ऑरिन ट्वाइट शेवटी आले, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.
कालवड अडली होती, म्हणाले,
आणि धुऊन लालबुंद झालेल्या त्याच हातानं
हजेरीवर सही केली.
हे इतिवृत्तात येत नाही.

बाहेर ध्वजाच्या खांबावर दोरी टणटणत होती.
उत्तर डकोटातला मार्च,
वारा कुणाच्या अनुमोदनासाठी थांबत नाही.

विषय क्रमांक चार :
हॅस्केट शाखेतला नर्सिंगचा अभ्यासक्रम बंद करणे.
विद्यार्थी नऊ. अंतर एकाहत्तर मैल.
तुटीचा आकडा परिशिष्टात.

सूचक : ग्लेन पर्विस, ज्यांचं बियाण्यांचं दुकान
मागच्याच वर्षी हॅस्केटमधून उठलं.
"माझ्यासाठी कुणी बैठक घेतली नव्हती," ते म्हणाले.
मी लिहिलं : सूचकांनी पार्श्वभूमी सांगितली.

रूबेन आर्चुलेता म्हणाले,
माझी भाची त्या नवांत आहे, मी मत देणार नाही,
आणि खुर्ची मागे ओढत ओढत
भिंतीला टेकवून बसले.
तो फरशीवरचा कर्कश आवाज
मी 'तटस्थ' या एका शब्दात बसवला.

मग 'चर्चा झाली'.
या दोन शब्दांत चाळीस मिनिटं मावतात :
हॅस्केटच्या दवाखान्यातला बाळंतपणाचा विभाग,
तिथं आता साठवलेल्या खुर्च्या,
कुणाची सून ॲम्ब्युलन्समध्ये बाळंत झाली
धान्याच्या कोठारांच्या वळणावर
(ते पोर आता बेसबॉल खेळतं),
बाहेरून नर्स येईल का इथं,
आली तर किती हिवाळे काढेल.

बाजूनं तीन. विरुद्ध तीन.
समसमान मतं पडली की सूचना पडते, नियम आहे.
म्हणजे अभ्यासक्रम राहिला.
पैसे मात्र नव्हते ते नव्हतेच.

प्राचार्य हळूच म्हणाले, सरावाचा पुतळा लागतो शाखेत,
श्वास घेणारा, नाडी असलेला. तपासनीस विचारतात.
आपल्याकडे एकच आहे, तो इथं.
दुसरा घ्यायचा तर एका नव्या पिकअपची किंमत.

अध्यक्षा लॅव्हॉन श्मिटके यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.
कुणीच बोलेना. कॉफीचं मशीन तेवढं गुरगुरत होतं.

"मी बंद करा म्हणून मत दिलं," ऑरिन म्हणाले,
"आणि माझं मत अजून तेच आहे.
पण दर गुरुवारी मी हॅस्केटला जातोच, गुरांच्या लिलावाला.
द्या त्याला माझ्यासोबत."

ग्लेन म्हणाले, वाटेत मोडला तर भरपाई कोण देणार?
भिंतीपाशून रूबेन पहिल्यांदा बोलले :
"मागे हौद्यात टाकू नका. गारठ्यात रबर तडकतं."

ठराव : पुतळ्याची ने-आण, दर गुरुवारी, सत्र संपेपर्यंत.
खर्च : शून्य.
बैठक आठ चाळीसला संपली.

गुरुवारी सकाळी मी पेट्रोल भरत होते.
ऑरिनची गाडी सिग्नलला उभी होती, आमच्या गावात एकच आहे.
शेजारच्या सीटवर तो, पट्टा बांधलेला,
तोंड उघडं, डोळे छताकडे,
आणि डोक्यावर कान झाकणारी लोकरीची टोपी.
ऑरिन त्याच्याशी काहीतरी बोलत होते.
बहुधा गुरांचे भाव.

एप्रिलच्या बैठकीत मागचं इतिवृत्त वाचलं.
कायम करण्याआधी एक दुरुस्ती आली :
'पुतळा' खोडून तिथं 'रुग्ण' लिहावं.
सूचक : ऑरिन ट्वाइट.
अनुमोदक कोण, ते मी नीट पाहिलं नाही,
भिंतीकडून कुणीतरी हात वर केला होता.