कोरडं वजन

पहिला ट्रे मी मायेनं मारला.
बावन्न वांगी, सुतासारखी.
रात्रपाळीहून आले की झारी,
झोपून उठले की झारी,
निघायच्या आधी, उगीच, आणखी एकदा.
चौथ्या दिवशी मातीलगत मोडून
आडवी झाली सगळी,
वर पांढरी बुरशी, दाढीच्या खुंटांसारखी.

ग्लेनिस शेजारच्या तुकड्यावरून आली,
काचघराच्या दारात उभी राहिली.
मेलेला ट्रे उचलून माझ्या हातात दिला.
"जड आहे ना?"
जड होता.
मग तिच्याकडचा दिला. "आणि हा?"
हलका. बिस्किटांच्या रिकाम्या डब्याइतका.
"याला द्यायचं. आत्ता. आधी नाही."

लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची.
सतरा वर्षं मी कार्मार्थनच्या डायलिसिस वॉर्डात
माणसं तोलते.
येताना वजन, जाताना वजन,
आणि फाइलवर लिहिलेलं ते तिसरं,
ज्याला आम्ही कोरडं वजन म्हणतो:
जादा पाणी उतरल्यावर माणूस उरतो तेवढं.
मिस्टर प्रॉसर बर्फाचा एक खडा मागतात,
मी घड्याळ बघते, तक्ता बघते,
अर्धा देते.
तेच हात घरी येऊन एवढे सैल कसे झाले?

मार्च. टॉवी नदीवर धुकं.
आता सकाळीच देते पाणी, संध्याकाळी नाही;
ओल्या पायांनी रात्र काढायला लावू नये कुणाला.
पिंपातलं पावसाचं पाणी
आदल्या दिवशीच आत आणून ठेवते,
त्याचा गारठा मरेपर्यंत.
झारी खुंटीला. खालच्या ताटात
बोटाच्या एका पेराइतकं ओतते
आणि थांबते.
माती खालून पिते,
कडेकडेनं गडद होत जाते
चहात धरलेल्या खारीसारखी.
वरचा थर ओलसर दिसला की
ताटात उरलेलं ओतून द्यायचं.
हे ओतून देणंच
मला अजून जमता जमत नाही.

ग्लेनिस आज आली नाही. तिचा गुडघा.
तिचे लीकही मीच तोलले, डोळे मिटून, एकेक ट्रे.
दोन तहानलेले निघाले.
तिसऱ्याला म्हटलं, उद्या.

दुसऱ्या खेपेची एकतीस वांगी उभी आहेत.
रात्री वॉर्डात प्रॉसरना सांगितलं,
तर ते म्हणाले, "त्यांना तरी पोटभर देतेस ना?"
मी बर्फाचा उरलेला अर्धा
त्यांच्या पेल्यात टाकला
आणि तक्त्यावर लिहिला.