डोक्याकडच्या दोन विटा

रात्री अडीचला मी भिंतीला टेकून बसते
आणि छातीच्या मधोमध हात ठेवून
आंबट पाण्याची वाट बघते.
ते येतंच. वेळेचं पक्कं आहे,
के.एम.टी.च्या बसपेक्षा तर नक्कीच.

सातवा सरला.
आतला जीव वर वर सरकतोय
आणि त्यानं जठराला कोपऱ्यात रेटलंय,
आमच्या दोन खोल्यांत कपाट आल्यावर
शिलाई मशीन रेटलं होतं तसं.

आत्याबाई म्हणतात, जळजळतंय म्हणजे बाळाला जावळ दाट.
आई फोनवर म्हणते, तुझ्या वेळी मला काहीसुद्धा झालं नाही.
मी टकलीच जन्मले होते.
म्हणजे आत्याबाईंचं खरं असावं.

सांगायला लाज वाटते, पण मी कोल्हापूरची.
कॉलेजात लवंगी चावून पैज जिंकलेली,
मिसळीवर तिसऱ्यांदा कट मागणारी.
डोहाळजेवणाला तांबडा आला, पांढरा आला,
वाफेनंच घशात ठिणगी पडली.
मी दोन्ही वाट्या सरकवल्या
आणि दहीभात मागितला.
पंगत गप्प.
मग कोपऱ्यातून कुणीतरी हळूच,
'पोरगी सांगलीची काय वो?'

शमशाद सिस्टर हसल्या नाहीत.
म्हणाल्या, दोन वेळा तट्ट जेवणं सोड,
चिमणीगत खा, सहादा खा.
जेवलीस की पाठ टेकायची नाही,
दोन-तीन तास बस, फिर, भांडण काढ हवं तर.
दूध चालेल, पण कट्ट्यावरचं धारोष्ण नको,
तापवून, साय काढून, गार.
चहा?
माझ्या तोंडाकडं बघून म्हणाल्या, बरं, एक. उपाशीपोटी नको.
सोडा-बिडा मनानं पिऊ नको,
गोळी लागलीच तर डॉक्टरांना विचारून.
आणि मग पेन खाली ठेवून, वेगळ्याच आवाजात:
डोकं ठणकलं, डोळ्यांपुढं चमकलं,
उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं,
तर ती जळजळ नव्हे.
रात्र बघू नको. ये.

दारापर्यंत गेले तेव्हा मागून हाक,
पलंग डोक्याकडून वीतभर उचला!
नुसत्या उशा रचू नका, मान मोडते.

हे सगळं मी उदाजीला सांगितलं.
तो ऐकतो की नाही, लग्नाला चार वर्षं झाली, कळलेलं नाही.
उद्यमनगरात फौंड्रीत असतो,
दिवसभर वितळलेल्या लोखंडासमोर उभा,
घरी आला की मोरीत बसून पाणीच ओततो.
इतकं मात्र दिसलं होतं,
फोडणीचा वास सोसेना झाल्यापासून
तो डब्यात चटणी नेत नाही.

दुसऱ्या दिवशी पोत्यात काहीतरी जड.
दोन विटा. पिवळट,
एका अंगाला काळी काच झालेली.
'जुनी भट्टी उकलली. टाकणारच होते.'
पलंगाचा पाय एका हातानं उचलून
दुसऱ्या हातानं वीट सारली.
मग पलीकडची.
मग स्वतः आडवा होऊन बघितलं,
घरंगळतोय का.
'चौदाशे डिग्री सोसलीय हिनं,' म्हणाला,
'तुझं काय घेऊन बसलीस.'
वर्षभराची वाक्यं एका रात्रीत संपवली त्यानं.

आता मी डाव्या कुशीवर,
उतारावरच्या भोपळ्यासारखी.
पहाटेपर्यंत पायथ्याशी पोचलेली असते,
चादर गुडघ्यांत, उदाजी काठावर.
जळजळ गेली म्हणू? नाही गेली.
अडीचची पावणेचारला आली,
आणि आली ती चूल नाही, नुसती निखाऱ्याएवढी.

तेव्हा दिवा लावला नाही.
हात खाली सोडून विटेला लावला,
काच झालेल्या बाजूनंच.
गार होती.
आतून एक लाथ बसली, बरगडीवर, जिथं नेहमी बसते.
मी म्हटलं, सावकाश, जावळवाल्या,
दोन महिने आहेत अजून,
आणि तुझा बाप आत्ताच झोपलाय.