आसन क्षमता

गाडीचं पोट जमिनीपासून चार बोटं वर.
म्हणून रऊफ दोन फळ्या मांडीवर घेऊन बसला,
त्यांची टोकं खिडकीतून बाहेर.
गतिरोधक आला की उतरायचा, फळ्या लावायचा,
आणि बिचकलेली म्हैस ओढ्यातून काढावी तसा
हां, हां, हां, म्हणत मला पुढं बोलवायचा.

जालना ते बिडकीन. तेवीस गतिरोधक.
बदनापुरात सरकी पेंडीचा ट्रॅक्टर
आम्हाला मागं टाकून गेला.
पोत्यांवर बसलेल्या पोरानं व्हिडिओ काढला
आणि वरूनच विचारलं, बंद पडली व्हय?

किंमत मी कुणाला सांगत नाही.
सळया विकून घेतली, एवढंच.
रंग मात्र माझ्या पसंतीचा, पाडाला आलेल्या मोसंबीचा.
कंपनीच्या कागदावर त्याचं नाव
मला अजून नीट उच्चारता येत नाही.

बिडकीनच्या पुढं रस्ते आधी आलेत,
कारखाने यायचेत.
रुंद डांबर, दिवे, गटारांची झाकणं,
प्लॉट नंबरच्या पाट्या, आणि प्लॉटात बाभळी.
दोन दिवसांपुरता तिथं ट्रॅक आखलेला,
जुन्या टायरांना चुना फासून.
पाचशेची पावती, एक फेरी.
पैसे थॅलेसेमियाच्या पोरांना.

शनिवारी मी एकटाच पळवली, घड्याळ लावून.
दोनशे चौदा.
पाठीमागं भट्टीचं दार उघडल्यासारखा आवाज.
खरं सांगतो,
तेव्हा कुणाच्याही रक्ताचा विचार मनात नव्हता.

रविवारी रांग.
कॉलेजची पोरं, गाडी हलायच्या आधीच किंचाळणाऱ्या दोन नर्सबाई,
हेल्मेटनं केस विस्कटतील म्हणून परत गेलेला एक नगरसेवक.
मग भानुदास तौर. एसटी, पैठण डेपो, रिटायर.
इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन.
आत शिरताना आधी डोकं घातलं, अडकला,
बाहेर येऊन मग आधी बूड घातलं.
बसल्यावर काच खाली केली,
हात बाहेर काढून आपल्या बाजूचा आरसा पुसला,
आणि डॅशबोर्डवर बोटानं दोनदा वाजवलं.
म्हणजे निघा.

पहिल्या वळणावर त्याचा उजवा पाय
नसलेल्या ब्रेकवर.
दुसऱ्या वळणावरही.
सरळ रस्त्याला मी दाबली, तसा तो सीटला चिकटला,
पण डोळे उघडे. एकेक पांढरं टायर बघत होता,
जसं त्यामागून कुणी हात करत रस्त्यात येईल.
दोनशेच्या वर गेल्यावर ओरडला,
पुढं थांबा हाय का?
मला हसू आलं. त्याला नाही.

थांबल्यावर हेल्मेटचा पट्टा मीच सोडवला.
तो म्हणाला,
"पहाटं पाच चाळीसची गाडी माझ्याकडं. अकरा वर्षं.
ही पोरं त्याच गाडीला असायची. घाटीत रक्त चढवायला.
जाताना पिवळी, आईच्या खांद्यावर मान टाकलेली.
सांच्याला परत आणायचो तर
खिडकीसाठी भांडायची."
हेल्मेट मांडीवर फिरवत बसला.
"मीबी दाबायचो. लई दाबायचो.
पासष्टच्या वर जातच नव्हती."

उतरताना मागं वळून पाहिलं.
सीटा दोनच?
दोनच.
"आन् त्यातली एक डायवरची,"
तो म्हणाला, कुणाला टोमणा न मारता,
गाडी ताब्यात घेताना रजिस्टरात लिहावं तसं.

परतताना शेकट्याजवळ अंधार पडला.
गतिरोधक ओलांडून रऊफ आत बसला,
फळ्या मांडीवर ओढून घेतल्या.
मी गिअर टाकेना.
चलो सेठ, तो म्हणाला.
फळी सरळ करताना तिचं टोक
दाराला लागलं. टण्. एकदाच.

एक घंटी म्हणजे थांबा.
मागं ट्रॅक्टर येऊन उभा राहिला होता,
बहुतेक सकाळचाच.
त्यानं हॉर्न दिला तरी
मी दुसऱ्या घंटीची वाट बघत होतो.