मुकुट तेवढा राहिला

फखरुद्दीन लोटावालाने वर्तमानपत्राच्या पुडीत
बांधून दिला तो. टोपीवरचा बिल्ला,
आरमारातल्या कुणा गोऱ्या साहेबाचा.
जर चहाच्या गाळासारखी काळवंडलेली,
मधे रुप्याचा नांगर, त्याला दोराचा वेढा,
भोवती पानं, वर मुकुट.
आठशे म्हणाला, साडेपाचशेला सुटला.
मटन स्ट्रीटवर ऊन डोक्यावर आलं
की तो जरा मऊ पडतो.

प्रमोदिनी म्हणाली, नांगर आणलात,
आता जमीनही बघा कुठे.

चौतीस वर्षं डॉकयार्डाच्या भांडारात
मी नांगर मोजले, साखळ्या मोजल्या,
आणि शेतातला नि समुद्रातला
आपल्याकडे एकाच शब्दात मावतो
हे तिच्या थट्टेतून कळलं.
एक माती उलथतो. एक माती धरून बसतो.
दोर गुंतलेला नांगर ही तर खलाशाची नामुष्की,
धड रुतत नाही, धड वर येत नाही.
तोच यांनी कपाळावर का मिरवला
हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

ओळख पटवायची ती मुकुटावरून.
राणीचा असेल तर कमानी माथ्यावर खचलेल्या,
राजाचा असेल तर घुमटासारख्या गोल.
बाहीसुद्धा मिळाली असती तर काम सोपं होतं:
पट्ट्यांमधे लाल कापड म्हणजे डॉक्टर,
पांढरं म्हणजे खजिनदार,
जांभळं म्हणजे इंजिनियर, ज्याला त्या काळी
पट्टीवरचा वळसा द्यायचे नाहीत.
बोटीला पुढे ढकलणारा तोच, तरी.
पण बाही नाही, डोकं नाही,
डोक्यातला घाम तेवढा अस्तरावर
पिवळा होऊन राहिलेला.

नोटा तपासायच्या निळ्या दिव्याखाली धरला.
आजकालचा धागा असता तर लख्ख उठला असता.
अंधारच राहिला. मला बरं वाटलं.

सोराब कांगाने मात्र भिंग लावलं, बराच वेळ लावलं,
आणि विचारलं, "नवलकर, हा मुकुट कोणाचा रे?"
एक कमान खचलेली, दुसरी गोल.
मोती उजवीकडे पाच,
डावीकडे तीन आणि एक अर्धवट.
राणीचा नाही, राजाचा नाही.
"लंडनचा शिंपी असा टाका घालत नाय.
खोटा हाय. फेकून दे."

फेकला नाही. तीन आठवडे खणात पडू दिला,
मग एका दुपारी मागची शिवण उसवली.
वाटलं, नाव असेल, जहाज असेल.
आत खळीने डकवलेला कागद,
बिल्ला ताठ राहावा म्हणून घातलेला,
आणि त्यावर मोडी.
आजोबांपर्यंत घरात मोडी होती.
माझ्या हाती आला तो नुसता किड्यामुंग्यांचा माग.

दप्तरखान्यातल्या कुमुद टिपणीसांनी
चष्मा कपाळावर सारून वाचलं:
शके अठराशे, पुढचे आकडे खळीने खाल्लेले.
मग, पाने जाहली, नांगर जाहला.
डोळे आले आहेत. मुकुट तेवढा राहिला.
साहेबास दोन दिवस थांबणेस सांगावे.
खाली नाव होतं की नुसता फराटा,
त्यांनाही सांगता येईना.

माझ्या वहीत एक रकाना आहे, "कोणाचा".
इतरांपुढे तिथे हुद्दा असतो,
फार तर एखाद्या बोटीचं नाव.
या बिल्ल्यापुढे मी पेन टेकवून बसलो
तो शाईचा ठिपका पसरत गेला.

रात्री प्रमोदिनीला सगळं सांगितलं.
ती भाजी निवडत होती. म्हणाली,
"मग? आले का बरे डोळे?"

मी बिल्ला पुन्हा दिव्याखाली घेतला.
तीन मोती, एक अर्धवट.
साहेब थांबला नसावा.