एफ-बावीस

मार्चअखेरचं सोलापूर. दुपारी तीनचं आभाळ
इतकं पांढरं की त्यात काहीच लपत नाही.
गच्चीवर गेलो. छिद्र बावीसवर आवळलं,
फोकस मुद्दाम बिघडवला,
आणि कशाचाच नाही असा एक फोटो काढला.

कॉम्प्युटरवर कॉन्ट्रास्ट ओढत नेला
तसे एकेक जण वर आले.
धूळ ओळखू येते: वेडीवाकडी, तुटकी,
अक्कलकोट रोडची, शेडमधल्या रुईची,
लेन्स बदलताना मी घाई केली त्या दिवसाची.
पण वर डाव्या कोपऱ्यात
एक गोल. कडेला गडद, मध्ये फिकट,
पिठावर पडलेल्या घामाच्या थेंबासारखा.
तेल.

हा गोल मी आधी पाहिला होता.
डिसेंबरात, टॉवेलवर.

बेचाळीस नमुने, परदेशी गिऱ्हाइकाचा कॅटलॉग.
शेठनी स्क्रीनवर बोट ठेवलं:
काय ओ इंडीकर, हा डाग कसला?
तीन पांढरे टॉवेल, तिन्हींवर त्याच जागी.
तेव्हाच कळायला हवं होतं,
लूम इतक्या नेमानं डाग पाडत नाही.
मी म्हणालो, कापडावरच असेल.
म्हणालो आणि लाइटची वायर गुंडाळू लागलो.

अनसूया चिप्पानं तिन्ही टॉवेल ट्यूबलाइटसमोर धरले,
उलटे केले, सुलटे केले.
साफ हाय ओ माल, म्हणाली.
तिला कुणीतरी म्हणालं, मावशी, चष्मा लावा आता.
आणि मल्लेशम कुरापाटीच्या आठवड्यातून
डॅमेजचे सहाशे चाळीस कापले.

खोलीचा पंखा बंद केला. खिडकी लावली.
फरशी ओल्या फडक्यानं पुसली,
शर्ट काढून ठेवला, शर्टालाही रुई असते.
आरसा उचलला, पडदा उघडला,
कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून
रबरी फुग्यानं हवा मारली.
तोंडानं कधी फुंकायचं नाही,
थुंकीचा डाग आणखी वाईट.
धूळ गेली. ती बिचारी जातेच.

तेल जात नाही. हवेनं थरथरतसुद्धा नाही.
फोटोत वर असेल तर सेन्सरवर खाली शोधायचं,
फक्त डावं मात्र डावंच राहतं.
पट्टीवर दोन थेंब द्रव, एका बाजूनं एकच हात,
पट्टी उलटी, परतीचा एकच हात.
पहिल्यांदा नुसतं फासलं.
दुसऱ्यांदा अर्धं.
तिसऱ्यांदा पुन्हा गच्चीवर, पुन्हा बावीस,
आणि आभाळात काही नव्हतं.
तेव्हा घाम फुटला.

शेठ म्हणाले, तो हिशेब कधीच मिटला की.
चहा पिऊन जावा.

मल्लेशम शेडमागे कडब्याच्या सावलीत डबा खात होता.
सगळं सांगितलं. पैसे पुढे केले.
त्यानं आधी हात धुतले, मग मोजले,
मग विचारलं, तेल कुठलं घालता?
मी म्हणालो, घालत नाही, शटरच्या आत असतं,
कॅमेरा नवा असला की उडतं.
त्यावर मान डोलावली, जशी जावयाची तक्रार ऐकावी.
नवं मशिन उडवतंच, म्हणाला,
मुरेपर्यंत फेकत राहतं. आमचंबी तसंच.
दाखवा बघू.

मी झाकण काढलं.
तो जवळ आला, थबकला, मागे सरला,
बाह्यांवरची रुई झटकली, केसांवरची झटकली,
आणि पुन्हा वाकला
श्वास रोखून.

आतून अनसूयाबाईंचा आवाज आला, कोण आलंय बे?
तिला काय सांगायचं
ते मी रस्त्यात ठरवलं होतं.
चष्मा तिच्या नाकावर होता,
जाड, नवा, दोरीनं बांधलेला,
आणि त्याच्या डाव्या काचेवर
अंगठ्याचा एक ठसा.